साखरेचा तह

नमस्कार, श्रोतेहो. चहाचा कप हातात असेल तर उत्तम, कारण आजची गोष्ट साखरेची आहे. ऊस मात्र आपल्याकडचा नव्हे, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचा. तेव्हा तिथे राजाचं राज्य होतं.

राजा कालाकौआ स्वतः वॉशिंग्टनला गेला आणि 1875 मध्ये करार झाला. हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात येणार. बदल्यात? राजानं आपलं कुठलंही बंदर दुसऱ्या देशाला द्यायचं नाही. सौदा स्वस्तातला वाटला. पंधरा वर्षांत साखरेची निर्यात जवळजवळ दहापट झाली. डोंगरातलं पाणी पाटानं मळ्यांत उतरलं, चीन-जपानहून मजूर आले. मजुरांच्याच शोधात 1881 मध्ये राजा जगप्रवासाला निघाला, आणि त्या वाटेवर आपल्या मुंबईतही येऊन गेला बरं का!

पण मळे कुणाचे? बहुतेक गोऱ्यांचे, त्यांत धर्मप्रसाराला आलेल्या मिशनऱ्यांची मुलंनातवंडंही होती. आणि गिऱ्हाईक एकच. एकाच व्यापाऱ्याला माल घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, भाव कोण ठरवतो ते.

कराराची मुदत संपली तेव्हा अमेरिकेनं नूतनीकरणासाठी पर्ल हार्बर मागितलं. 1887 मध्ये ते द्यावं लागलं. त्याच वर्षी मळेवाल्यांच्या गटानं बंदुकांच्या धाकावर राजाकडून त्याचे अधिकार कापणाऱ्या नव्या राज्यघटनेवर सही घेतली. तिला नावच पडलं ‘संगिनीची राज्यघटना’.

पुढची गंमत बघा, गंमत कसली म्हणा. 1890 मध्ये अमेरिकेनं सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात काढली, आणि आपल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. करार कुणी मोडला नव्हता, तरी हवाईची सवलत मातीमोल झाली. मळेवाल्यांपैकी काहींनी सरळ हिशेब मांडला: ही बेटंच अमेरिकेत सामील झाली, तर ते अनुदान आपल्यालाही?

कालाकौआमागून त्याची बहीण लिलिउओकलानी राणी झाली होती. जानेवारी 1893 मध्ये तिनं राजसत्तेचे अधिकार परत आणणारी घटना पुढे केली. तीन दिवसांत तिचं राज्य गेलं. अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक तेव्हा होनोलुलूत उतरलेले होते. दोन वर्षांनी तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैदेत ठेवलं. तिथे तिनं रेशमी तुकडे जोडून गोधडी शिवली, त्यात हवाईचे झेंडे भरले.

12 ऑगस्ट 1898 ला बेटं अमेरिकेत सामील झाली, आणि त्याच राजवाड्यावरून हवाईचा झेंडा उतरवला गेला. राणी हाकेच्या अंतरावर राहत होती. ती बघायला गेली नाही.