शेरीफचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राजाचा एक अधिकारी असे, शेरीफ. काउंटीतल्या राजाच्या उत्पन्नाबद्दल त्याने वर्षाला ठरावीक रक्कम भरायची; आपल्या भाषेत हा मक्ताच. ईस्टरला साधारण निम्मा भरणा, आणि पुरता हिशेब सप्टेंबरअखेर, मायकेलमसला.

हिशेब घेणारं खातं म्हणजे एक्सचेकर. तिथलं मेज 10 फूट लांब, 5 फूट रुंद. नाणी घरंगळू नयेत म्हणून कडेला चार बोटं उंच काठ, वर चौकटी आखलेलं काळं कापड. उजवीकडून रकाने पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार असे. शेरीफचं देणं मोजणीच्या नाण्यांनी वरच्या ओळीत मांडायचं, भरणा खालच्या ओळीत, आणि एकातून दुसरं उचलत जायचं. रोमन आकड्यांत लेखी वजाबाकी फार जिकिरीची. इथे रिकामं घर शून्याचं काम करी. निरक्षर शेरीफलाही आपली बाकी दिसे, हे मला या पद्धतीचं सर्वात मोठं बळ वाटतं.

राजासाठी केलेला खर्च वजा मिळे, पण राजाचा लेखी हुकूम दाखवला तरच. काही भरण्यांत नाण्यांचा कसही लागे. ढिगातल्या 240 पेनी, म्हणजे एक पौंड, भट्टीत वितळवायच्या. चांदी जेवढ्या पेनींनी कमी भरेल, तेवढी तूट दर पौंडामागे शेरीफकडून घ्यायची.

पावती लाकडाच्या काडीवर. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याची, विसांना करंगळीची, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काडी उभी चिरून एकेक फाक दोन्ही पक्षांकडे. एकाने खाच वाढवली, तर दुसऱ्या फाकेशी ती जुळत नसे. खजिनदाराचा लेखनिक हिशेब चामड्याच्या गुंडाळीवर उतरवी. चान्सलरचा, म्हणजे राजाच्या लेखी कारभाराच्या प्रमुखाचा, लेखनिक त्याची वेगळी प्रत करी. उरलेल्यांतली सर्वात जुनी गुंडाळी 1130 सालची आहे.

मात्र हे मेज राजाचं येणंच मोजत असे. मक्त्याच्या वर शेरीफने रयतेकडून किती उकळलं, ते या कापडावर येतच नसे. 1170 मध्ये चार वर्षांनी इंग्लंडला परतलेल्या राजा दुसऱ्या हेन्रीने गावोगाव तीच चौकशी लावली, आणि बहुतेक शेरीफांना पदावरून काढलं.