खडूस नायिका आणि तिची पाठराखण करणारी कथा

[दृश्य : रात्रीचं सेंट लुइस, नदीकाठची कमान, खाली ओले रस्ते]

अमेरिकेतलं सेंट लुइस. या कथाविश्वात व्हँपायरांना कायद्याने नागरिक मानलं आहे. त्यांच्यातला एखादा खुनी निघाला, तर कोर्टाचं वॉरंट घेऊन त्याला संपवायला येते ॲनिटा ब्लेक. लॉरेल के. हॅमिल्टन यांनी १९९३ साली ‘गिल्टी प्लेझर्स’मध्ये तिला आणलं. तिचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच : मेलेल्यांना उठवायचं, तेही रीतसर फी घेऊन.

ॲनिटा फटकळ आहे. समोरच्या बाईला कपड्यांवरून जोखते, पोलिसांशी हुज्जत घालते, माफी मागताना तिची जीभ जड होते. तरीही सुरुवातीच्या पुस्तकांत वाचक तिला सोडत नाही. का? तीन गोष्टींमुळे. पहिली : ती कुठे थांबते ते वाचकाला लवकर कळतं.

[दृश्य : दफनभूमी, कंदील, पाय बांधलेली कोंबडी]

दुसरं पुस्तक, ‘द लाफिंग कॉर्प्स’. प्रेत उठवायला बळी लागतो. हल्ली मेलेल्याला कोंबडी पुरते, जुन्याला बकरं. गेनर नावाचा धनाढ्य माणूस २८३ वर्षांपूर्वीचं प्रेत उठवायला दहा लाख डॉलर देऊ करतो. इतक्या जुन्याला माणसाचाच बळी लागणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. ॲनिटा नाही म्हणते. हा प्रसंग कुठे आहे ते बघा : पुस्तकाच्या अगदी तोंडाशी. ही बाई कुठे थांबते ते वाचकाला एकदा कळलं, की पुढची तीनशे पानं ती कशीही बोलली तरी चालतं. हाच नकार शेवटाकडे ढकलला असता, तर तोवर अर्ध्या वाचकांनी पुस्तक मिटलं असतं.

दुसरी गोष्ट, टोमणा कुणाला मारलाय? पहिल्या पुस्तकात शहराची सत्ता निकोलाओसच्या हातात आहे. ती दिसते लहान मुलीसारखी, वय हजार वर्षांच्या आसपास. तिच्यापुढे ॲनिटा अरेला कारे करते तेव्हा मजा येते, कारण मार खायची पाळी ॲनिटावरच येणार असते. तेच वाक्य हॉटेलातल्या वेटरला ऐकवलं, तर तो निव्वळ माज. नवखे लेखक इथेच फसतात. नायिका ठसकेबाज दाखवायची म्हणून ती दिसेल त्याच्यावर खेकसते.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. या गोष्टी ॲनिटाच सांगते, प्रथमपुरुषात. सगळं तिच्याच डोळ्यांनी दिसतं. मग ती चुकतेय हे वाचकाला कळणार कसं? इतरांच्या वागण्यातून. एडवर्ड हा भाडोत्री मारेकरी तिच्यापेक्षा सरस आहे आणि तिलाही ते मान्य आहे. पोलीस अधिकारी डॉल्फ तिच्यावर विश्वास टाकतो, पण तिची झाडाझडतीही घेतो. ती माणसं आहेत म्हणून तिच्या फुशारकीला माप मिळतं.

[दृश्य : एकाच मालिकेच्या पुस्तकांची चळत, दहाव्यावर कॅमेरा थांबतो]

२००१ सालचं दहावं पुस्तक, ‘नार्सिसस इन चेन्स’. ॲनिटाच्या अंगात शरीरसुखावर पोसणारी एक भूक शिरते, आणि वाचकांत फूट पडते. दोष बहुतेक जण शृंगाराला देतात. आमच्या मते खरं दुखणं वेगळं आहे. या सुमारास तिला विरोध करणाऱ्यांचं काय होतं ते तपासा. प्रियकर रिचर्ड आक्षेप घेतो, तर तो रडका आणि स्वतःचाच तिरस्कार करणारा ठरतो. मैत्रीण रॉनी बोलते, तर ती जळकी. डॉल्फ संतापतो, तर त्याचा मुलगा व्हँपायरशी लग्न करतोय म्हणून त्याचं डोकं फिरलंय. तिघांचीही तोंडं कथेनेच बंद केली. ॲनिटा आधीही खडूसच होती. आता मात्र तिला ‘चुकलीस’ म्हणणारा कुणी धड माणूसच उरला नाही.

[दृश्य : सिनसिनाटी, ओहायो नदीवरचा पूल]

याच्या शेजारी ठेवावी किम हॅरिसन यांची चेटकीण नायिका रेचल मॉर्गन, ‘डेड विच वॉकिंग’, २००४. रेचल उतावळी, हट्टी, पैशांच्या बाबतीत आनंदीआनंद. सरकारी नोकरी तडकाफडकी सोडते, आणि घरातल्या सामानावर जीवघेणे मंत्र टाकले जातात. हौसेने घेतलेल्या निर्णयाचं बिल लगेच हातात! घरात सोबतीला आयव्ही, जिवंत व्हँपायर, म्हणजे जन्मतःच व्हँपायर पण अजून न मेलेली. रेचल नकळत तिला चाळवणारे इशारे देत राहते, तेव्हा आयव्ही तिच्या हातात व्हँपायरांशी प्रेम कसं करावं याचं मार्गदर्शक पुस्तक ठेवते : हे वाच, आणि यातलं काय काय करायचं नाही ते बघ. प्रसंग विनोदी आहे, पण त्यात रेचल चूक आहे आणि आयव्ही बरोबर. लेखिकेने आयव्हीला मत्सरी किंवा खुळी ठरवून रेचलची सुटका केलेली नाही.

पुढे २००७ च्या ‘फॉर अ फ्यू डीमन्स मोअर’मध्ये रेचलचा प्रियकर किस्टन मरतो. तो परत येत नाही. त्या रात्रीची तिची आठवणही पुसली गेलेली असते, आणि काय घडलं ते तिला पुढच्या पुस्तकांत स्वतः खणून काढावं लागतं.