डॅबल, डबल नव्हे

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज एका इंग्रजी शब्दाबद्दल गप्पा मारू. शब्द आहे डॅबल. डबल नाही हं, डॅबल. यात माझा स्वतःचा पचका झालाय म्हणून आधीच सांगतो.

झालं असं की बऱ्याच वर्षांपूर्वी एका इंटरव्ह्यूत मला विचारलं अकाउंट्सचं काम येतं का, आणि मी नुकताच हा शब्द कुठेतरी वाचलेला, भारी वाटलेला, तर ठोकून दिलं, 'येस सर, आय हॅव डॅबल्ड इन अकाउंट्स'. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'म्हणजे टाइमपास म्हणून?' मला वाटलं होतं आपण 'अनुभव आहे' असं म्हणतोय, पण खरं तर मी सांगत होतो की साहेब, हिशोबाच्या वह्यांशी जरा खेळून बघितलंय. नोकरी गेली हे सांगायला नकोच.

तर डॅबल म्हणजे एखाद्या गोष्टीत हौस म्हणून, वरवर, जमेल तसं हात घालणं. मागे 'इन' लावायचं. डॅबल इन पेंटिंग, डॅबल इन शेअर्स, डॅबल इन पॉलिटिक्स. आता गंमत बघा, स्वतःबद्दल म्हटलं तर तो विनय, 'छे हो, मी आपलं थोडंफार करतो'. तेच दुसऱ्याबद्दल म्हटलं की टोमणा. कोणी आयुष्यभर कविता लिहितोय आणि तुम्ही म्हणालात 'ही डॅबल्स इन पोएट्री', तर तो पुन्हा तुमच्या घरी चहाला येणार नाही. चर्चिलचं घ्या, 1915 साली राजकारणात आपटी खाल्ल्यावर चाळिशीत ब्रश हातात घेतला, पाचशेच्या वर चित्रं काढली. पोटापाण्याचा धंदा नव्हता तो, हौसच होती, पण त्याला डॅबल म्हणायला जीभ रेटत नाही.

मूळ अर्थ मात्र पाण्याचा आहे. सोळाव्या शतकात इंग्रजीत डॅबल म्हणजे पाण्यात हातपाय बुडवून खेळणं, शिंतोडे उडवणं, आणि वरवर काम करण्याचा अर्थ त्यातून पुढे निघाला. पक्षी बघणारे लोक आजही बदकांचे दोन गट सांगतात, डायव्हिंग डक आणि डॅबलिंग डक. आपलं हळदी-कुंकू बदक दुसऱ्या गटातलं. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके म्हणून हे नाव, कोणी ठेवलं माहीत नाही पण झकास ठेवलंय. भिगवणला उजनीच्या कडेला थंडीत गेलात तर बघा, हे बदक मान पाण्यात खुपसतं, शेपटी आभाळाकडे, पाय हलवत तोल सांभाळतं, चिखलातलं शेवाळ-बिया ओरपतं आणि परत सरळ होतं. पहिल्या, डायव्हिंग गटातलं टफ्टेड डक सूर मारून पार दिसेनासं होतं, हे आपलं मान पोचेल तेवढंच.

मराठीत याला एकच शब्द मला काही सापडला नाही. लुडबुड म्हणावं तर त्यात दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं येतं, तो इंग्रजीतला मेडल, पदकवाला नव्हे, ढवळाढवळीचा. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही तर सरळ शिवीच. हौशी हा त्यातल्या त्यात जवळचा, पण आपल्याकडे हौशी नाटकवाले नोकरी सांभाळून दोन-दोन महिने रात्री तालमी करतात, त्यांना डॅबलर म्हणायची हिंमत आहे का कुणाची? (आणि हा हौस शब्द अरबी हवसवरून आलाय, हिंदीत तो वाईट्ट झाला, आपल्याकडे मात्र डोहाळजेवणात बसला.)

माझ्या घरी एक पेटी आहे, रविवारी काढतो, 'सा' वर बोट ठेवून अर्धा तास भाता मारतो, भूपच्या आरोहापर्यंत जातो आणि झाकण लावतो. विचारलं कोणी तर आता बिनधास्त सांगतो, आय डॅबल. शेजारचे काका दुसरा शब्द वापरतात, तो रेडिओवर चालणार नाही.