ससा तुमच्याकडे बघतो तेव्हा

(नाशिकमधल्या हौशी फोटोग्राफर मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं हे बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलंय.)

नमस्कार मंडळी. माईक राहू द्या, एवढीशी तर खोली आहे, मागे ऐकू येतंय ना? बरं.

मला पोर्ट्रेटवर, म्हणजे चेहऱ्याच्या फोटोंवर, बोला म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते, कारण मी काढते सशांचे फोटो. पण मग घरी जाऊन विचार केला की मला पोर्ट्रेट जे काही थोडंफार जमतं ते सगळं सशांनीच शिकवलंय, क्लास मी कुठलाच केला नाही, बँकेतली नोकरी आणि घर यातून माझ्या हातात वेळ राहायचा तो सकाळी साडेसहा ते सव्वासात, आणि ससे नेमके त्याच वेळेला जागे असतात. ससा दुपारभर पडून असतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला तो कामाला लागतो. म्हणजे त्याची हिंडायची वेळ आणि आपल्याला हवा असतो तो तिरपा, मऊ उजेड यायची वेळ एकच. हे मला फार नंतर लक्षात आलं, पण आलं तेव्हा खूप आनंद झाला.

आमच्याकडे दोन आहेत. कापूस पांढरा, लाल डोळ्यांचा, आणि मिरी काळी कुळकुळीत. पाच वर्षं झाली आता.

सुरुवात सांगते, ती चांगली नाहीये पण सांगायलाच पाहिजे. पहिली दिवाळी होती, सेकंडहँड कॅमेरा नुकताच घेतला होता, मी कापूसला पाटावर बसवलं, झेंडूची माळ मागे सोडली, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चालू. तो काही एका जागी बसेना. मग कोणीतरी सांगितलं होतं की सशाला उताणा झोपवला की शांत होतो, तसं केलं, मांडीवर उताणा, पाय वर, डोळे उघडे, अगदी खेळण्यासारखा गप्प. फोटो आले, सगळ्यांना आवडले, व्हॉट्सॲपवर नुसता पाऊस. आणि त्यानंतर कापूसने काही खाल्लंच नाही. संध्याकाळी नाही, रात्री नाही, लेंडीसुद्धा नाही. डॉक्टरांकडे नेला तेव्हा त्यांनी मला समजावलं की उताणा ससा शांत झालेला नसतो, तो घाबरून थिजलेला असतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर तो असाच मेल्यासारखा पडतो. आणि सशाने दहा-बारा तास खाणं बंद केलं तर त्याचं पोट चालायचं थांबतं, त्यात जीव जाऊ शकतो. ती रात्र मी सिरिंजने त्याला थोडं थोडं भरवत फरशीवर बसून काढली. पहाटे त्याने कोथिंबिरीची एक काडी स्वतःहून ओढून घेतली तेव्हा मला रडू आलं. तो फोटो मी सगळीकडून काढून टाकला. म्हणून इथे कोणाला सशाचे फोटो काढायचे असतील तर हे एवढं तरी लक्षात ठेवा, उताणा करायचा नाही, कान धरून उचलायचं तर नाहीच नाही, आणि हातात धरून ठेवून पण नाही, कारण त्याचे मागचे पाय इतके ताकदीचे आणि पाठीचा कणा इतका नाजूक की नीट आधार नसताना त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो.

त्यानंतर दोन आठवडे मी एकही फोटो काढला नाही. सतरंजी टाकायची, कॅमेरा त्यावर ठेवायचा, लेन्सला झाकण लावून, आणि आपण बाजूला चहा घेऊन बसायचं. सतरंजी यासाठी की सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात, त्यामुळे आपल्या टाइल्सवर तो घसरतो आणि घसरणारा ससा कायम ताठ दिसतो. फोटोत कळतं ते. तर सहाव्या की सातव्या दिवशी मिरी आली, कॅमेऱ्याचा पट्टा हुंगला, एकदा चावून पाहिला, आणि मग लेन्सच्या हुडवर हनुवटी घासून गेली. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, ज्या वस्तूला हनुवटी घासली ती त्याची. म्हणजे कॅमेरा मिरीच्या मालकीचा झाला, आणि तिथून पुढे मला फोटो काढायला मिळाले.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर आज आले. आपण सगळे पोर्ट्रेट म्हटलं की काय सांगतो, कॅमेऱ्यात बघा. समोर बघा. मी पण वर्षभर सशाचा समोरून फोटो काढायची धडपड करत होते, चेहरा सरळ, दोन्ही डोळे दिसतायत, मधोमध नाक. आणि ते फोटो कसे यायचे तर रिकामे. गोड यायचे पण रिकामे, कोणीतरी घरात नसल्यासारखे. सशाचे डोळे कुठे असतात बघा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आणि जरा वर. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, मागचं दिसतं, वरून घार आली तर दिसते. पण बरोब्बर नाकासमोर एक छोटी जागा असते जिथलं त्याला काहीच दिसत नाही. कोथिंबीर नाकापाशी धरा, तो डोळ्यांनी नाही शोधणार, हुंगून आणि मिशांनी चाचपून शोधेल. म्हणजे मी अगदी नाकासमोर लेन्स धरायचे तेव्हा मी नेमकी त्याला न दिसणाऱ्या जागेत बसलेली असायचे! आणि तो जेव्हा खरंच तुमच्याकडे लक्ष देऊन बघतो तेव्हा काय करतो, तर मान वळवतो आणि एका बाजूने बघतो. आपल्याला वाटतं अरे, तोंड फिरवलं याने, आणि आपण कॅमेरा खाली ठेवतो. खरं तर तोच क्षण असतो. एक पूर्ण गोल डोळा तुमच्यावर, कान तुमच्या दिशेला, नाक हळू हळू चाललेलं. नाक जोरात हलतंय म्हणजे तो सावध आहे, मंद झालं की निवांत झालाय, मी आता नाकाकडे बघूनच ठरवते दाबायचं की थांबायचं. आणि मागचा पाय धाडकन आपटला तर त्या दिवशी कॅमेरा बंद.

हे समजलं आणि माझे फोटो बदलले.

मग बाकीचं तांत्रिक सोपं आहे, पण सांगते थोडं. खाली झोपा. सशाच्या डोळ्याची उंची फरशीपासून दहा-बारा सेंटिमीटर, लेन्स तिथेच पाहिजे, वरून काढलात तर तुम्ही घार आहात. मी कॅमेऱ्याखाली तूरडाळीची एक किलोची पिशवी ठेवते, फार छान बसतो त्यावर, आणि पाहिजे तसा वळवता येतो. माझी लेन्स ५० एमएम एफ १.८, सगळ्यात स्वस्त मिळते ती. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, आणि शार्प येणारा भाग कमी. ती घेतल्यावर सगळे करतात तेच मी केलं, सगळं एफ १.८ वरच काढायचं, मागचं कसं धूसर होतं बघा. पण माझ्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर अर्ध्या मीटरवरून एफ १.८ ला शार्प काय येतं तर जेमतेम सात मिलिमीटर. तांदळाच्या लांब दाण्याएवढं! डोळा शार्प तर नाक गेलं, पापणी शार्प तर बुबुळ गेलं. आता मी एक मीटर तरी मागे सरकते आणि एफ ४ ला काढते, मिशांची मुळं सुद्धा दिसतात. शटर बसलेल्या सशाला १/२५० सेकंदापेक्षा हळू नको कारण नाक थांबतच नाही, आणि आनंदाने उडी मारून हवेत अंग मुरडतो ना तो, तेव्हा १/१००० पाहिजे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला डोळा नाही चालत.

पांढऱ्या-काळ्याचा घोळ आमच्याकडे रोजचा. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं जग करडं आहे, कापूसने फ्रेम भरली की मीटर उजेड कमी करतो आणि कापूस मळक्या चादरीसारखा येतो, मिरी आली की उजेड वाढवतो आणि तिची राखाडी मांजर होते. म्हणून कॅमेऱ्यातली उजेडाची दुरुस्ती कापूसला प्लस एक, मिरीला मायनस एक, इतकं साधं. दोघं एकत्र असले की मी मिरीला खिडकीजवळ बसू देते आणि कापूस आतल्या बाजूला, खिडकीपासून थोडं लांब गेलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो, तेवढ्याने दोघांचे केस फोटोत टिकतात. आणि हो, हिरवी चादर खाली घालू नका, पांढऱ्या सशाची हनुवटी हिरवी होते. मी घातली होती आणि दोन दिवस एडिट करत बसले होते.

फ्लॅश मी परत कधी लावला नाही. कापूसच्या डोळ्यात रंगद्रव्य नाही, आतल्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून तो लाल. समोरून फ्लॅश मारला की ते डोळे भडक, भीतीदायक येतात, लोक मग ॲपमध्ये काळे करून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. तोच डोळा बाजूच्या खिडकीच्या उजेडात बघा, डाळिंबाच्या पिकल्या दाण्यासारखा दिसतो, आत खोल. तसंच कान. उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितलं की कानाची पाती उजळते आणि आतलं शिरांचं जाळं गुलाबी दिसतं, झाडाच्या पानासारखं, एक मधली जाड आणि तिला फुटलेल्या बारीक. याच कानांतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये मी सकाळी साडेसातनंतर फोटो काढतच नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की सशाला त्रास व्हायला लागतो.

खिडकीवरून आठवलं. आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा जर्मन चित्रकार होता, त्याने १५०२ मध्ये एका रानसशाचं जलरंगातलं चित्र काढलंय, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे ते. मोबाईलवर मोठं करून बघा घरी गेल्यावर. एकेक केस वेगळा, कुठे वळलेला, कुठे दबलेला, आणि तो ससा तिरका बसलाय. बाजूने, आपल्याकडे एक डोळा. आणि त्या डोळ्यात, अगदी बारीक, खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब आहे, मधल्या पट्ट्यांसकट. डोळ्यातल्या उजेडाच्या ज्या चमकेला आपण आज कॅचलाइट म्हणतो आणि जिच्यासाठी रिंग लाइट विकत घेतो, ते पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाने सशाच्या डोळ्यात रंगवलं. मी ते बघितलं तेव्हा पहिल्यांदा मिरीचा फोटो शंभर टक्के झूम करून तिचा डोळा बघितला. आमच्या हॉलची खिडकी, तिचे गज, गजाला अडकवलेलं माझं पायपुसणं, आणि खाली एक काळा ढिगारा, म्हणजे मी, डाळीच्या पिशवीमागे पालथी पडलेली. कितीतरी वेळ मी नुसती बघत बसले होते.

(इथे एका दादांनी विचारलं की मोबाईलवर जमेल का.)

जमेल की. फक्त मोबाईल नाकाला लावू नका, जवळून नाक मोठं येतं आणि कान आखूड, मागे सरका आणि दोन एक्स झूमवर काढा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मिशा आणि कानाची कड खातो. आणि प्राण्याचा डोळा आपोआप पकडणारे कॅमेरे आलेत ते आधी कुत्र्या-मांजरांसाठी शिकवले गेले, सशाच्या बाबतीत बरेचदा गोंधळतात, त्यासाठी महाग कॅमेरा घेऊ नका दादा, एकच फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवायची सवय करा.

आता माणसांचं. आमची आजी निफाडला असते, वय ८६. तिचे जितके फोटो घरात आहेत त्या सगळ्यांत ती ताठ आहे, पदर नीट, हात मांडीवर, समोर बघतेय. कारण प्रत्येकजण सांगतो, आजी इकडे बघ. मी पण तेच सांगायचे. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही, बरीच वर्षं झाली. मागच्या जानेवारीत गेले होते, निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, ती माजघरात दारासमोर बसून मटार सोलत होती, दारातून ऊन आत येत नव्हतं पण उजेड भरपूर होता. मी खाली जमिनीवर बसले, कॅमेरा मांडीत, आणि गप्पा मारायला लागले. आणि मला दिसलं की मी काही बोलले की आजी तोंड फिरवते. दरवेळी. डावा कान माझ्याकडे करते, चेहरा दाराकडे वळतो, मटारचा दाणा बोटांत तसाच राहतो आणि नजर कोपऱ्यातून माझ्यावर येते. इतकी वर्षं आम्ही तिला म्हणत आलो, आजी समोर बघ ना, आणि समोर बघताना तिला आमचं धड ऐकूच येत नव्हतं.

मी एकच फोटो काढला. एफ ४, १/१२५, डाव्या डोळ्यावर फोकस. मोठा करून बघितला तर डोळ्यात दाराची उभी चौकट आहे, उंबरा आहे, आणि खालच्या कोपऱ्यात मी आहे.

त्याची प्रिंट काढून पुढच्या खेपेला नेली. आजीने चष्मा लावला, फोटो उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा तू काय सांगत होतीस तेव्हाचा गं?"

मी म्हटलं, मिरीने कॅमेऱ्याला हनुवटी घासली ना आजी, ते.

"हां," म्हणाली, "तरीच."