मोळी, चुंबळ आणि शंभर पावलं

सकाळचे सात. शाळेच्या मुलांना शाहू महाराजांचं कोल्हापूर दाखवायला निघालोय. बिंदू चौक अजून मोकळा आहे. थोड्या वेळानं अंबाबाईला निघालेल्या गाड्यांनी तो असा भरतो की मागच्या मुलाला काही ऐकू येत नाही. म्हणून सुरुवात इथून, आणि एका मोठ्यामागं दहाच मुलं.

हे दोन अर्धपुतळे, महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे. ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. मुलं इथं विचारतात, “मग आपल्याकडं साखळ्या कुठं होत्या?” उत्तराची घाई करू नका.

दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा बसमधूनच दाखवा.

कसबा बावडा, लक्ष्मी विलास पॅलेस. २६ जून १८७४ रोजी महाराज इथं जन्मले. संभाजीराजांचे पुत्र, साताऱ्याचे शाहू, ते वेगळे. हा घोळ आधी सोडवा, नाहीतर पुढचं सगळं शिवकाळात जाऊन बसतं.

आता ही मोळी. तीन किलो सुकं जळण, सुंभानं दोन जागी आवळलेलं. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. ती सैल वळली की दहा पावलांत मोळी एका अंगाला कलते, म्हणून पीळ घट्ट हवा. प्रत्येकानं शंभर पावलं चालायचं, मोळी उतरवायची आणि मजुरी मागायची. मिळणार काहीच नाही.

गावात अंमलदाराचा मुक्काम पडला की महारांनी जळण, गवत, सामान असंच फुकट वाहायचं. सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायचं. बदल्यात वतनाची, म्हणजे गावकामापोटी वंशपरंपरेनं मिळालेली जमीन, पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन तुकडे पडलेली. त्या तुकड्यापायी अख्खं घर राबायला बांधलेलं. साखळी ती हीच.

एक पथ्य कडक पाळा. कुणाला महार करू नका, कुणाला पाटील करू नका. मोळी प्रत्येकाच्या डोक्यावर जाऊ दे, शिक्षकांच्यासुद्धा. सोंगं वाटून दिलीत, तर एखादं पोर दिवसभर मान खाली घालून बसतं.

१९१८ साली महाराजांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केलं. गावात रोज द्यावी लागणारी सक्तीची हजेरी गेली, वेठ म्हणजे बिनमजुरीची सक्तीची कामंही त्यांच्याच हुकमानं बंद झाली. मुंबई राज्यात अशी वतनं मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला.

शेवटची मोळी खाली आली. आता पाणी, आणि सावलीत दहा मिनिटं. मुलं खरं विचारतात ते याच वेळी.