कुटुंबाचं प्रतिष्ठान चालवताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कमाईतला मोठा वाटा बाजूला काढून ज्या कुटुंबांनी धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन केलं आहे, किंवा ज्या घरांत तसा विचार चालू आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. अशा घरांत पहिली चर्चा होते ती नावाची. मग रक्कम ठरते, विश्वस्त ठरतात, कागदपत्रं होतात आणि पहिली बैठक भरते. त्या बैठकीत एक गोष्ट सहसा कुणी उच्चारत नाही, म्हणून ती मी आधीच सांगते. प्रतिष्ठानाच्या खात्यात जमा झालेला पैसा त्या दिवसापासून कुटुंबाचा राहत नाही. तो फक्त कुटुंबाच्या हवाली असतो. करातली सवलत मिळते तीही तो लोकांच्या कामी यावा म्हणूनच.

ऐकायला सोपं वाटतं, पण बैठकीत काय होतं बघा. सगळ्यांत वडीलधारे काका म्हणतात, "माझ्या मित्राच्या रुग्णालयाला एक यंत्र हवंय, देऊन टाकू." काकांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? आत्या मान डोलावते, पुतण्या मोबाइलकडे बघतो आणि ठराव मंजूर होतो. रुग्णालय कदाचित चांगलंच असेल. पण त्या यंत्राची खरंच गरज आहे का, ते चालवायला माणूस आहे का, हे कुणीच विचारलेलं नसतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो पहिल्याच वर्षी लेखी करून ठेवावा. ज्याचा संबंध असेल त्याने तो सांगायचा, त्या विषयापुरतं बैठकीतून बाहेर जायचं, आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची. शिवाय विश्वस्त मंडळावर निदान दोन माणसं घराबाहेरची असावीत, ज्यांना काकांना प्रश्न विचारताना संकोच वाटणार नाही. अमेरिकेने १९६९ साली खासगी प्रतिष्ठानांसाठी कडक कायदा केला. देणगीदार कुटुंबाने प्रतिष्ठानाला जागा विकायची नाही की भाड्याने द्यायची नाही, मग दर बाजारभावाचा असला तरीही. दरवर्षी ठरावीक प्रमाणात पैसा बाहेर पडलाच पाहिजे, अशी सक्तीही तेव्हाच आली. आज ते प्रमाण साधारण ५ टक्के आहे. कायदा तिथला असला, तरी कुठल्याही देशातल्या कुटुंबाने ही शिस्त आपणहून लावून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसा द्यायचा कशाला? बहुतेक प्रतिष्ठानं इथेच विस्कटतात. थोडं शिक्षणाला, थोडं आरोग्याला, थोडं वहिनींच्या आवडीच्या कलेला. कुणी नाराज होत नाही आणि कशाचीच घडी बसत नाही. एकच विषय धरून ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे सीअर्स रोबक या अमेरिकन कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने, १९१२पासून त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. वीस वर्षांत जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. पूर्ण खर्च ते कधीच देत नसत. गावकऱ्यांनी वाटा उचलायचा आणि सरकारी यंत्रणेने शाळा आपली म्हणून चालवायची, ही अट होती. त्यामुळे शाळा टिकल्या. पण या अटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती माणसं आधीच कर भरत होती आणि त्या करातून त्यांच्या मुलांच्या वाट्याला फार थोडं येत होतं. तरीही या शाळांसाठी कृष्णवर्णीय वस्त्यांनी जमवलेली रक्कम रोझेनवाल्ड यांच्या रकमेपेक्षा जास्त भरली. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड दिलं, कुणी अंगमेहनत केली. म्हणून अट घालताना ती कुणाच्या खांद्यावर पडते आहे, हे देणाऱ्याने बघायलाच हवं.

याच कारणासाठी मला अर्जाच्या फॉर्मबद्दल जरा जास्त बोलायचं आहे. दोन पगारी माणसांची एखादी छोटी संस्था डोळ्यांपुढे आणा. दिवसा काम आणि रात्री तुमचा तीस पानी फॉर्म. त्यात पाच वर्षांचं नियोजन हवं, अंदाजपत्रक तुमच्याच तक्त्यात हवं, आणि मागितलेली रक्कम असते जेमतेम काही महिन्यांच्या खर्चाची. मग चार-सहा महिने उत्तर नाही. हा त्या माणसांचा वेळ फुकट घेणं आहे. रक्कम लहान असेल तर फॉर्म दोन पानांचा करा. दुसऱ्या देणगीदारासाठी लिहिलेला अहवाल चालेल म्हणून सांगा. आणि नकार द्यायचा असेल तर तो लवकर आणि कारणासकट कळवा. लवकर मिळालेला नकारसुद्धा संस्थेच्या उपयोगाचा असतो.

दुसरा हट्ट असा, की आमचा सगळा पैसा थेट कामावरच खर्च झाला पाहिजे. मग जागेचं भाडं कोण देणार? हिशेबनिसाचा पगार, ऑडिटरची फी? चोख हिशेब तर सगळ्यांत आधी आपणच मागतो! संस्थेवर विश्वास बसला असेल तर निदान तीन वर्षांची हमी द्या आणि त्यातला बराच भाग विनाअट ठेवा. २०२०च्या साथीत अमेरिकेतल्या शेकडो प्रतिष्ठानांनी देणग्यांवरच्या अटी सैल करण्याचं जाहीर वचन दिलं होतं. संकटात जे जमलं, ते एरवी का जमू नये?

आणि हे किती काळ चालवायचं? एडसेल फोर्ड यांनी १९३६ साली फोर्ड फाउंडेशन सुरू केलं, आणि चाळीस वर्षांनी त्यांचाच मुलगा, दुसरा हेन्री फोर्ड, कामाच्या दिशेवर नाराजी नोंदवून विश्वस्तपद सोडून गेला. याउलट रोझेनवाल्ड यांनी आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत सगळा निधी संपवायचा, असं बजावून ठेवलं होतं. ते १९३२ साली गेले आणि निधी १९४८मध्येच संपला. अमेरिकन उद्योजक चक फीनी यांनी १९८२ साली सुरू केलेल्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या प्रतिष्ठानाने सुमारे ८ अब्ज डॉलर वाटले आणि २०२० साली काम रीतसर बंद केलं. माझा कल मुदत ठरवण्याकडे आहे. कायमचं चालवायचंच असेल तर नातवंडांना जन्मामुळे खुर्ची देऊ नका. आधी एक छोटी रक्कम त्यांच्या हाती द्या. संस्था त्यांनी शोधाव्यात, तिथे जाऊन दिवसभर बसावं, आणि आपली निवड मंडळासमोर मांडावी. ज्याला हे करावंसं वाटत नाही, त्याने विश्वस्त झालंच पाहिजे असं नाही.

पुढची बैठक जवळ आली असेल तर तिच्याआधी एक काम करा. गेल्या वर्षी ज्यांना देणगी दिली त्यातल्या दोन आणि ज्यांना नाकारलं त्यातल्या दोन संस्थांना घराबाहेरच्या विश्वस्तांकडून फोन करवा. आमचा अर्ज भरायला तुमचे किती दिवस गेले, आणि आमच्या वागण्यात काय खटकलं, एवढंच विचारायला सांगा. उत्तरं जशीच्या तशी बैठकीत वाचा आणि देणग्यांचा विषय त्यानंतरच चर्चेला घ्या. नमस्कार.