यादीतला पाचवा नंबर

नमस्कार श्रोतेहो.

मुलांच्या काही दुर्मिळ आनुवंशिक आजारांची एक यादी आहे. एमपीएस एक, दोन, तीन, चार आणि मग एकदम सहा. छापताना पाच राहून गेला असं वाटेल, पण तसं नाही. पाच होता. नंतर काढला.

एमपीएसचं पूर्ण नाव म्युकोपॉलिसॅकरिडोसिस. तुम्ही ते विसरलात तरी चालेल, आम्हीही एमपीएसच म्हणतो. शरीरात साखरेच्या काही लांब साखळ्या सतत बनतात आणि मोडीतही निघतात. मोडायला बरीच एन्झाइम्स लागतात. त्यातलं एक जरी नसलं, तरी न मोडलेला माल पेशीत साठत जातो. जन्मतः बाळ ठीक दिसतं. मग यकृत आणि पानथरी वाढून पोट पुढे येतं, बोटं आखडतात, हात वर करून झबलं घालणंही अवघड होतं.

पूर्वी वर्गवारी व्हायची ती पाहून. 1917 साली हंटर या डॉक्टरांनी दोन भावांचं वर्णन केलं, 1919 साली डॉक्टर गर्ट्रूड हर्लर यांनी तशाच मुलांचं. पुढे यादीत हर्लरचा आजार एक झाला, हंटरचा दोन. फरक डोळ्यांत होता: हर्लरच्या मुलांच्या बुबुळावरचा पडदा धूसर, हंटरच्या मुलांचा स्वच्छ. 1962 मध्ये नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड शेई यांनी वेगळेच रुग्ण दाखवले. पडदा धूसर, सांधे आखडलेले, पण बुद्धी शाबूत आणि माणूस चांगला मोठा झालेला. हा हर्लर कसा असेल? त्याला पाचवा नंबर मिळाला.

मग 1968. अमेरिकेत बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि जोसेफ फ्रटँटोनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवत होते. हर्लर आणि हंटरच्या पेशी चुकून एकाच बशीत मिसळल्या, आणि साठलेला माल कमी झाला! एकीकडे नसलेलं दुसरीकडून मिळालं होतं. मला ही चूक फार आवडते, कारण तिच्यातून आयती कसोटीच हाती आली. दोघांच्या पेशी एकत्र ठेवा. एकमेकींना सावरलं तर आजार वेगळे, नाही सावरलं तर एकच.

हर्लर आणि शेईच्या पेशींनी एकमेकींना सावरलं नाही. एन्झाइम तेच होतं, हर्लरमध्ये जवळजवळ नाहीच, शेईमध्ये थोडंसं उरलेलं. पाचवा नंबर एकमध्ये विरून गेला. उलट तिसऱ्या नंबरची, सॅनफिलिपोची, अगदी सारखी दिसणारी मुलं वेगवेगळ्या आजारांची निघाली. आज त्याचे चार उपप्रकार आहेत.

पेशीला एन्झाइम बाहेरून घेता येतं हेही त्या बशीनेच दाखवलं. एमपीएस एकमध्ये कमी पडणारं एन्झाइम औषध म्हणून बनवलं, ते लॅरोनिडेज; त्याला अमेरिकेत 2003 साली मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात, पण मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून हर्लरच्या लहान बाळात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो. शेईच्या रुग्णाला सहसा एन्झाइमवर भागतं. आपल्याकडे 2021 च्या राष्ट्रीय धोरणाने दुर्मिळ आजारांचे तीन गट केले, तेही जनुकावरून नव्हे, उपचारावरून.

त्यामुळे मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रात मूल आलं, तर फाइलवर नुसतं ‘एमपीएस एक’ लिहून भागत नाही. यादीतून केव्हाच काढलेलं ते शेईचं नाव, लागू असेल तर, पुढे आजही लिहावं लागतं.